रेमिंग्टन मॉडेल १८८९, बारा बोर: नाव वाचण्याआधी नळीची भिंत मोजा

सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिकन दुनळी घ्यायला निघालात, तर कंपनीचं नाव वाचण्याआधी नळीची भिंत मोजा. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण या बाजारात नावाचे पैसे आधी मागतात आणि लोखंडाबद्दल आपणहून कोणी बोलत नाही. मी घेतली ती रेमिंग्टनची मॉडेल १८८९: बारा बोर, तीस इंची दमास्कस नळ्या, बाहेर दिसणारे दोन घोडे, दोन चाप. टल्साच्या प्रदर्शनात साडेसहाशे डॉलरला मिळाली. त्याच रांगेत तिच्या चौपट किमतीची एक पार्कर होती आणि तिच्यासमोरची गर्दी हटत नव्हती. दोन्ही मोजल्यावर मी रेमिंग्टन उचलली. आज पुन्हा निवडायला सांगितलं तरी तीच उचलेन.

मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला लागले, आता फोर्ट वर्थजवळ विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तेच करते. बंदुकांची ओढ मात्र आजोळची. पन्हाळ्याच्या पलीकडे रानडुकरं उसात शिरायची म्हणून मामांकडे पीकसंरक्षणाचा परवाना आणि बारा बोरची दुनळी होती. मामा ती साफ करायला बसले की तेलाची बाटली धरायचं काम माझ्याकडे. त्या दुनळीचे घोडे आत लपलेले होते. अमेरिकेत उघड्या घोड्यांची बंदूक पहिल्यांदा हातात घेतली आणि मी तिच्या प्रेमात पडले: घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे तिच्याकडे नुसतं पाहून कळतं, आणि यंत्राने आपली स्थिती अशी उघड सांगावी हे मला फार आवडतं.

टल्साचा शो म्हणजे वॉनेनमाकर यांचा टल्सा आर्म्स शो. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये भरतो. एक्स्पो स्क्वेअरच्या एकाच छपराखाली ११ एकर जागा आणि ४,२०० टेबलं. दाराबाहेर गोल्डन ड्रिलर हा तेलविहिरीवरच्या कामगाराचा ७५ फुटी पुतळा उभा आहे, त्यामुळे पत्ता चुकायचा प्रश्नच नाही. डॅलसकडून गाडीने चार-साडेचार तास लागतात. जुन्या दुनळ्या एकाच कोपऱ्यात मिळतील असं समजू नका. चाकूवाल्यांच्या आणि जुन्या काडतुसांच्या खोक्यांच्या मध्येच कुठेतरी एखाद्या टेबलावर तीन-चार आडव्या पडलेल्या असतात. मी शनिवारी नुसती फिरते, वहीत टेबल क्रमांक आणि किमती लिहून घेते, आणि रविवारी दुपारी परत जाते. तोवर गर्दी ओसरलेली असते, विकणाऱ्याला परतीची बांधाबांध दिसत असते आणि बोलायला वेळ असतो.

शोच्या आदल्या दिवशी पोचता आलं तर टल्साहून अर्ध्या-पाऊण तासावर क्लेअरमोरला जा. तिथे जे. एम. डेव्हिस या हॉटेलवाल्याने आयुष्यभर जमवलेल्या बंदुकांचं संग्रहालय आहे, १२,००० च्या वर बंदुका. काचेआडच्या का होईना, पण पार्कर, कोल्ट, एल. सी. स्मिथ, रेमिंग्टन, बेकर या सगळ्यांचे घोडे, लॉकप्लेट (घोड्याची यंत्रणा धरणारी बाजूची पट्टी) आणि नळ्या एका दिवसात पाहून डोळा तयार होतो. विकत घ्यायच्या आधी डोळा तयार करण्यावर मी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त भरवसा ठेवते.

आता ती पार्कर. पार्कर ब्रदर्स, मेरिडन, कनेक्टिकट. अमेरिकन दुनळ्यांमध्ये सगळ्यात मानाचं नाव, आणि तो मान खरा आहे, घडणीत कुठे हलगर्जी सापडत नाही. ही होती लिफ्टर प्रकारची, म्हणजे १८८० च्या दशकात बंदूक उघडायची वरची कळ येण्यापूर्वीची: चापाच्या कडीपुढे खाली एक बटण असतं, ते वर दाबलं की आतली खिट्टी सुटते आणि नळ्या खाली झुकतात. दस्त्याचं अक्रोड सुरेख, कोरीवकाम जिवंत. नळ्यांच्या आत पाहिलं तर आरशासारखा लखलखाट. प्रत्येक जण नळी डोळ्याला लावून तोंडून वा म्हणत होता.

मला तो लखलखाटच खटकला. काळ्या दारूच्या काळातली नळी, दीडशे वर्षांच्या आसपासची, आणि आत एकही डाग नाही? असं होऊ शकतं, पण फार क्वचित. बहुतेक वेळा कोणीतरी आत होनिंग केलेलं असतं: खड्डे जाईपर्यंत आतून धातू घासून काढायचा. नळी चमकते, किंमत वाढते, भिंत पातळ होते. मी विचारलं, मोजू का?

"पार्कर आहे बाई, तिच्यात मोजायचं काय?" टेबलवाले म्हणाले. पण अडवलं नाही, हे त्यांचं चांगलंच.

बारा बोरचा प्रमाण व्यास .७२९ इंच. जुन्या कारखान्यांत थोडं इकडेतिकडे होतंच, पण उजव्या नळीत माझं बोअर गेज .७४८ दाखवत होतं. मग भिंत. यासाठी वेगळं गेज लागतं: एक उभी सळई, तिच्या टोकाला गोळी, बाहेरून डायल, नळी सळईवर चढवायची आणि सावकाश फिरवत खाली आणायची. मध्याच्या पुढे एका जागी काटा १७ वर थांबला. १७ थाऊ, म्हणजे इंचाचे सतरा हजारांश भाग. माझी स्वतःची मर्यादा २५ थाऊ आहे; त्याखालची बंदूक मी भिंतीवर टांगायलासुद्धा नावाच्या किमतीत घेणार नाही, कारण माझ्यानंतर ती कोणाच्या हातात जाईल आणि तो तिच्यात काय भरेल, हे माझ्या हातात नाही.

त्याच रांगेत पुढे ओक्लाहोमातल्याच एका परवानाधारक म्हाताऱ्या दुकानदाराचं टेबल होतं. रेमिंग्टन त्यांच्याकडे. नळ्या बाहेरून तपकिरी, आत थोड्या काळवंडलेल्या, चेंबरच्या म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या पुढे बारीक खड्ड्यांचा एक पट्टा. मोजू का, विचारलं.

"मोजा की. मोजून घेणारं गिऱ्हाईक नंतर भांडायला येत नाही."

त्यांनी स्वतःच पुढचं लाकूड काढून नळ्या माझ्या हातात दिल्या. उजवी कमीत कमी ३२ थाऊ, डावी ३०. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे दाब सगळ्यात जास्त, तिथे दोन्हीकडे शंभरच्या वर. व्यास उजवीकडे .७३१, डावीकडे .७३०. म्हणजे कोणी आत हात लावलेला नाही. जी झीज आहे ती काळाची आणि मळाची. चेंबर मोजले तर २⅝ इंच भरले, तेही मूळचेच. ही खूण फार महत्त्वाची. आजचं बारा बोरचं साधं काडतूस २¾ इंची असतं, म्हणून पुष्कळ जणांनी जुने चेंबर आतून लांबवून घेतले. त्यात नेमकी सगळ्यात जास्त दाबाच्या जागेवरची भिंत कापली जाते.

दमास्कसबद्दल थोडं सविस्तर, कारण भीती आणि भुरळ दोन्ही तिथेच आहेत. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्यांची चवड तापवून एकजीव करायची, तिची चौकोनी सळई ओढायची, सळई लालभडक असताना पिळायची. अशा पिळलेल्या दोन, तीन किंवा चार सळया वेणीच्या पेडांसारख्या शेजारी ठेवून त्यांची एक पट्टी जोडायची, आणि ती पट्टी मँड्रेल म्हणजे साच्याच्या दांड्याभोवती गुंडाळत, तापवत, ठोकत तिची नळी करायची. शेवटी मँड्रेल काढून आतून बोअर करायचं. आपल्याला वर दिसते ती नक्षी कोणी काढलेली नसते. ती धातूची घडण आहे, आम्लाने लोखंड आणि पोलाद वेगवेगळं खाल्लं म्हणून उठून दिसते. अमेरिकन बंदुकांवरच्या या नळ्या बहुतांश बेल्जियममधून, लीएजच्या आसपासच्या खोऱ्यांतून कच्च्या यायच्या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरचं घर हेच काम करत होतं. पहिल्या महायुद्धाने ते जवळपास संपलं. एका नळीमागे किती वेळा तापवणं आणि किती घाव असतील, याचा विचार केला की मला ती बंदूक खाली ठेववत नाही.

यातही नक्कल होते. स्वस्त बंदुकांच्या साध्या पोलादी नळ्यांवर दमास्कसची नक्षी नुसती वरवर उमटवलेली सापडते. पुढचं लाकूड काढा आणि त्याखाली पाहा: खरी नक्षी तिथेही अखंड जाते, उमटवलेली बहुधा तिथेच संपते किंवा पुसट होते. आणि नळ्या काळ्याभोर, आजच्या बंदुकीसारख्या चकचकीत असतील तर तिथून चालू लागा. दुनळीच्या दोन नळ्यांमधल्या पट्ट्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात; हल्लीच्या गरम क्षारांच्या ब्लूइंगमध्ये, म्हणजे नळीला काळा रंग चढवताना, तो डाख खाल्ला जातो, दमास्कसचा पृष्ठभागही खराब होतो. माझ्या एका मैत्रिणीने ऑनलाइन लिलावात अशीच एक मागवली. फोटोत चमक होती, पट्टी सुटलेली दिसत नव्हती. घरी आल्यावर नळ्या टांगून ठोकल्या तर आवाज बद्द आला.

ही ठोकण्याची चाचणी कोणीही करू शकतं. नळ्या बंदुकीपासून वेगळ्या करा, खालच्या हुकात बोट किंवा दोरी अडकवून लोंबत्या ठेवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. जोड पक्के असतील तर लांब, खणखणीत नाद येतो आणि हळूहळू विरतो. रेमिंग्टनच्या नळ्यांचा नाद ऐकून शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वळून पाहायला लागले.

बाकीचं भराभर सांगते. लाकूड काढून, नळ्या बंद करून बंदूक आडवी हलवा. बिजागरीत खडखड नको. ब्रीच, म्हणजे नळ्यांचा मागचा टोकाचा सांधा, उजेडासमोर धरा, फट दिसायला नको. वरची कळ नव्या बंदुकीत मध्यापासून थोडी उजवीकडे थांबते आणि झिजत झिजत डावीकडे सरकते. माझी अजून उजवीकडे आहे. नळीच्या तोंडाशी दोन नळ्यांमध्ये मोकळी फट दिसली तर कोणीतरी नळ्या कापल्यात, चोक (तोंडाशी नळी जराशी अरुंद केलेली असते ती) गेला. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत अडाणी हात फिरलाय. क्रमांक फ्रेमवर, नळ्यांवर आणि पुढच्या लोखंडावर एकच हवा. एल. सी. स्मिथ पाहत असाल तर लॉकप्लेटच्या मागचं लाकूड भिंगाखाली बघा. तिथे लाकूड पातळ असतं आणि तडा जातो, ही त्या घडणीची जुनी व्यथा आहे.

रेमिंग्टनचं नाव मराठी माणसाला बंदुकीआधी टंकलेखनामुळे ठाऊक असतं. माझी मोठी बहीण कोल्हापुरात रेमिंग्टनवर मराठी टायपिंग शिकली, आणि आजही तो कळफलक शिकवला जातो. तेच हे घराणं. एलिफलेट रेमिंग्टनने १८१६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात इलियनजवळ पहिली नळी घडवली असं कंपनी सांगत आली. ई. रेमिंग्टन अँड सन्सने १८७० च्या दशकात शोल्सचा टाइपरायटर बनवायला घेतला, १८८६ मध्ये पैशांच्या ओढाताणीत तो धंदा विकला, आणि १८८८ मध्ये बंदुकांची कंपनीही हार्टले अँड ग्रॅहम आणि विंचेस्टर यांच्याकडे गेली. त्यानंतर नाव झालं रेमिंग्टन आर्म्स कंपनी. माझ्या बंदुकीच्या लॉकप्लेटवर तेच नाव आहे. विशेष म्हणजे सिरॅक्यूसच्या एल. सी. स्मिथचंही असंच: त्याने दुनळ्यांचा धंदा फुल्टनच्या हंटर बंधूंना दिला आणि भावांबरोबर टाइपरायटर बनवायला लागला. नळीत आणि टंकयंत्रात लागणारं बारीक, सारखं, बदलता येणारं काम एकाच प्रकारच्या कारागिरांच्या हातचं होतं, हे इन्स्पेक्शनवाल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. इलियनचा कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं.

मॉडेल १८८९ ही रेमिंग्टनची उघड्या घोड्यांची शेवटची दुनळी. १९०८ पर्यंत बनत राहिली, सव्वा लाखाहून जास्त. दहा, बारा आणि सोळा बोरमध्ये मिळायची; साध्या पोलादापासून उत्तम दमास्कसपर्यंत प्रती होत्या. म्हणजे ही दुर्मिळ नाही. आणि संग्रह सुरू करणाऱ्याला मी हीच सुचवते त्याचं कारणही तेच. संख्या जास्त असल्यामुळे निवडायला मिळते, चार नाकारून पाचवी घेता येते, आणि किंमत नावाने फुगलेली नसते. पार्करमध्ये तुम्ही चार नाकारलीत तर संध्याकाळ होते आणि खिशाचा आकडाही बदलावा लागतो.

कोल्टची मॉडेल १८७८ मात्र मला खरोखर मोहवते. हार्टफर्डची, १८७८ ते १८८९ या काळातली, एकूण बावीस-तेवीस हजार. घोड्यांची वळणं इतकी रेखीव की कोल्टच्या पिस्तुलांचाच हात त्यात ओळखू येतो. टल्साला दोन पाहिल्या. एकीच्या नळ्या वीस इंचांवर कापलेल्या. कापलेल्या नळ्यांचा इथे सुकाळ आहे: काउबॉय स्पर्धा खेळणाऱ्यांना आखूड दुनळी सोयीची पडते, आणि घोडागाडीवरच्या पहारेकऱ्याची बंदूक म्हणून ती भाव खाते. घोडागाडीने पैसे नेणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीचा शिक्का असलेली आखूड दुनळी समोर आली तर शिक्का खोटा धरूनच सुरुवात करा, कागदपत्रं असतील तरच मत बदला. आणि स्वतः कधी कापू नका. आधी मंजुरी न घेता १८ इंचांखाली नळी गेली की १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टचा गुन्हा होतो, आणि बंदूक शंभर वर्षांची आहे ही सबब बारा बोरला चालत नाही, कारण तिची काडतुसं आजही दुकानात मिळतात.

टेबलांवर सगळ्यात जास्त दिसतील त्या मात्र यांतल्या कुठल्याच नाहीत. त्या असतात बेल्जियन किंवा कनेक्टिकटमधल्या नॉर्विचच्या क्रेसेंट कारखान्याच्या, हार्डवेअरच्या दुकानांनी हव्या त्या नावाने छापून घेतलेल्या. 'डब्ल्यू. रिचर्ड्स' वाचून इंग्लंडच्या वेस्टली रिचर्ड्सची आठवण व्हावी, हाच त्या नावाचा हेतू. नळ्या उलट्या करून खालचा सपाट भाग पाहा. लंबवर्तुळात ईएलजी ही अक्षरं असली तर ती लीएजच्या चाचणीघराची खूण. अमेरिकेत सरकारी चाचणीचा कायदा नव्हता, त्यामुळे पार्कर, रेमिंग्टन, कोल्ट यांच्यावर अशी सरकारी मुद्रा नसते. या स्वस्त दुनळ्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांचं काम चालवलं, त्याबद्दल मला आदर आहे, पण संग्रहाचे पैसे त्यांत घालू नका.

आता चालवण्याचा अनुभव. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे जुन्या दुनळ्यांची माहिती असलेल्या बंदूक-कारागिराकडे नेणं. माझी मापं माझ्यापुरती. दुसऱ्या जाणत्याने पाहिल्याशिवाय मी शंभर वर्षांपूर्वीच्या नळीत काडतूस घालत नाही. आजचं दुकानातलं बारा बोरचं २¾ इंची काडतूस ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इतक्या दाबापर्यंतचं असू शकतं. ते या बंदुकीत घालायचंच नाही, नळी कितीही जाड असो. मी कमी दाबाची, सहा हजारांच्या आसपासची, २½ इंची काडतुसं मागवते. ७/८ औंस शिशाचे छर्रे. महाग पडतात, पण त्याला पर्याय नाही. पोलादी छर्रे मुळीच नकोत. या मऊ नळ्या आणि घट्ट चोक त्यांच्यासाठी नाहीत. बदकांवर शिसं वापरायला १९९१ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे त्या शिकारीला न्यायची तर बिस्मथ घ्यावं लागतं. मी शिकार करत नाही, मातीच्या थाळ्यांवर नेम धरते.

वजन पावणेआठ पौंड. हातात घेतल्यावर तेवढी वाटत नाही, कारण भार दोन हातांच्या मधोमध येतो. दस्ता मात्र आजच्यापेक्षा खूप खाली वाकलेला: टाचेशी, म्हणजे मागच्या वरच्या टोकाशी, तीन इंचांच्या वर. त्या काळी मान ताठ ठेवून नेम धरायचे. आजच्या सवयीने गाल लाकडावर दाबलात तर समोर फक्त ब्रीच दिसेल. मान उचला, बंदूक चेहऱ्याकडे आणा, म्हणजे नळ्यांमधली पट्टी आपोआप डोळ्यासमोर येते. हे जमल्यावर थाळ्या फुटायला लागतात, आणि ती जुनी ढब शरीराला मानवते.

अंगठ्याने घोडा चढवतानाचा ताण आणि दोन टप्प्यांतला टकटक आवाज, एवढ्यासाठीसुद्धा मी ही बंदूक घेतली असती. घोडे चाप ओढल्यावर पुढे आदळून स्वतःच जरा मागे येतात, त्यामुळे उघडताना टोचणी काडतुसात अडकत नाही. काडतूस आत असताना चढलेला घोडा अंगठ्याने उतरवू मात्र नका; घसरला तर बार होतो. आधी बंदूक उघडा, काडतुसं काढा, मग घोडे उतरवा. रिकामी टरफलं उडत नाहीत, फक्त वर येतात, बोटांनी उचलावी लागतात. घाई नसते. मला हा संथपणा हवा असतो.

कायद्याचं नीट समजून घ्या, कारण इथे फसायला जागा आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ॲन्टिक धरतात आणि केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती खरेदीत साधी वस्तू असते. पण मॉडेलच्या नावात १८८९ आहे म्हणून तुमची बंदूक १८९८ च्या आधीची असेलच असं नाही. ती १९०८ पर्यंत बनत होती. माझीचं वर्ष कागदाने सिद्ध होत नव्हतं, म्हणून दुकानदारांनी ती आधुनिक बंदूक धरली. ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, पैसे दिले. ओक्लाहोमातल्या परवानाधारक दुकानदाराकडून टेक्ससच्या रहिवाशाला दुनळी घेता येते. खाजगी माणसाकडून, राज्याबाहेरून, अशी आधुनिक धरलेली बंदूक परस्पर घेता येत नाही. संग्रह वाढवायचाच असेल तर क्युरिओ अँड रेलिकचा, म्हणजे जुन्या बंदुकांच्या संग्राहकांचा परवाना काढा: तीन वर्षांना ३० डॉलर, ५० वर्षांपेक्षा जुन्या बंदुका त्यावर येतात. राज्यांचे नियम वेगळे असतात, तेही पाहा. आणि आपल्यातल्या ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही, एच-वन-बी सारख्या व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी: वैध शिकारी परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर बंदूक किंवा काडतूस बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ॲन्टिक बंदूक त्या व्याख्येत येत नसली तरी काडतूस येतं. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

ज्यांना कागद हवेत त्यांनी रेमिंग्टनऐवजी दुसरीकडे वळावं, हा या खरेदीचा एकच खरा उणेपणा. पार्करच्या जुन्या नोंदवह्यांवरून तिच्या संग्राहकांची संघटना पत्र देते: कोणी मागवली, कोणत्या नळ्या, किती लांब, कधी पाठवली. एल. सी. स्मिथच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात आहेत. कोल्ट स्वतः पत्र देते. माझ्या बंदुकीचं असं चरित्र मिळालेलं नाही. दस्त्याच्या उजव्या बाजूला कोणीतरी चाकूने कोरलेली दोन अक्षरं आहेत, तेवढीच.

डाव्या बाजूचा घोडा सध्या कमी जोराने आदळतो. काडतुसाच्या टोपीवर खूण उमटते, पण बार होत नाही. कारागिरांनी लॉकप्लेट उतरवून पाहिली: आतली पानाची स्प्रिंग थकली आहे. तयार सुटा भाग मिळणं कठीण, म्हणून ते पोलादाची पट्टी घासून, पाणी देऊन नवी स्प्रिंग करणार आहेत. त्याचे ९० डॉलर सांगितले, आणि जुनी स्प्रिंग मला परत द्यायची हे मी कबूल करून घेतलं आहे. ती मोजून तिचं चित्र काढून ठेवायचं आहे, म्हणजे पुढच्या मालकाला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. तोवर उजव्या नळीवर काम चालू आहे.